जतन न केलेलं

नारीनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रीचा एक.
बाहेर उणे सत्तावीस.
बूट काढून मी पाय रॅकच्या मागे धरते,
पंख्यांचा गरम वारा येतो तिथून.
तुर्दाकुन बाइके इथेच मोजे वाळवायचे.

त्यांनीच शिकवलं:
> दिसतंय तोवर तू पाहुणी. बघ, हात लावू नकोस.
एनेबल म्हण, पासवर्ड दे, # उमटेल,
मग घर तुझं
आणि घरातली मोडतोडही तुझीच.

अडलीस तर प्रश्नचिन्ह टाईप कर.
इथे अडाणीपणाची लाज नाही,
ते पुढचे सगळे शब्द मांडून ठेवतं, निवड म्हणतं.
चुकलीस तर चुकल्या अक्षराखाली
^ असं एक टोक उगवतं. बास. आवाज चढत नाही.
कीबोर्ड सिरिलिकवर राहिला की
माझ्या 'शो'चं इर्श्च्त्स होतं,
तेही ते शांतपणे ऐकून घेतं.

पूर्ण बोलायचीही गरज नाही, अर्धा शब्द पुरे.
अर्ध्याचे दोन अर्थ निघत असतील
तर मात्र थांबतं, संदिग्ध म्हणतं.
(उमसुनाय कधी थांबली नाही, म्हणायचे बाइके,
आणि बायकोच्या आठवणीने एकटेच हसायचे.)

आणि नो.
केलेलं पुसायला खोडरबर नाही.
जे म्हटलं होतं तेच अक्षरन् अक्षर पुन्हा म्हणायचं,
फक्त आधी नो.
झोपलेलं पोर्ट उठवायचं तरी: नो शटडाउन.
नको, मिटू नकोस.

आज बिश्केकहून यादी आली,
खिंडीपलीकडच्या राऊटरची रिकामी पोर्टं बंद करा.
हात लावण्याआधी सवयीने म्हटलं, रीलोड इन टेन.
दहा मिनिटांत मी नको म्हटलं नाही
तर स्वतःच मर आणि स्वतःच उठ,
जतन केलेलं तेवढं घेऊन.

बारा, तेरा, चौदा, पंधरा.
सोळाव्यापाशी त्यांच्या हातची एक ओळ,
लॅटिन अक्षरांतलं किर्गिझ:
'सुईणीचं घर. हात लावू नका.'
सुईण तीन वर्षांपूर्वी ओशला मुलाकडे गेली.
पोर्टावर तेव्हापासून दिवा नाही.
मी सोळा सोडून दिलं,
आणि मन त्या ओळीवरच ठेवून
पुढचं पोर्ट न वाचताच बंद केलं.

एंटर दाबला.
एंटर परत आला नाही.

ज्या तारेवरून बोलत होते, तीच.
आपल्याच पायावर धोंडा,
आणि पाय इथून नव्वद किलोमीटरवर, बर्फात.

पेट्रोलपंपावरच्या एसेनगुलचा फोन:
नेट गेलं?
येईल. सहा मिनिटं.
मोजून?
मोजून.
तो फोन ठेवत नाही. त्याची किटली ऐकू येते,
आणि कुत्रं,
आणि बराच वेळ आम्ही दोघं काहीच.

पिंग. टिंब.
टिंब, टिंब, टिंब.
टिंब.
मग अचानक उद्गारचिन्हं, ओळीने, दम लागल्यासारखी.

आला, म्हणाला एसेनगुल,
आणि चहा ओतायला गेला.

आत गेले. शो व्हर्जन.
काल याच राऊटरने सांगितलं होतं,
मी जागा आहे चार वर्षं, अकरा आठवडे.
आता म्हणतो, दोन मिनिटं.
तो आधीचा रीलोड बाइकेंचा होता,
निवृत्तीच्या आदल्या दिवशीचा.
तो मी पुसला, नो न म्हणता.

यादी पुन्हा पहिल्यापासून. या वेळी बोट ठेवून, वाचत.
मग राइट. जतन.
सोळाव्याखालची ओळ जागच्या जागी होती.
यादीत तिच्यापुढे मी लिहिलं:
वापरात.